व्हिक्टोरिनॉक्स हंट्समन: पात्यापेक्षा बाकीचंच जास्त कामाचं

भाऊ, सरळच सांगतो, कोणाला नुसता चाकू पाहिजे असेल तं व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा हा हंट्समन, म्हणजे खिशातला घडीचा स्विस चाकू, घेऊ नका. कांदे-टमाटे चिरायला घरात विळी आहे, सुरी आहे, त्या याच्यापेक्षा कितीतरी बऱ्या. हंट्समन घ्यायचा तो त्याच्या कात्रीसाठी, टोच्यासाठी अन् करवतीसाठी, पात्याचा नंबर त्यांच्या मागून. मी हा नागपुरातच वापरतो, म्हणजे बर्फात तंबू ठोकायला नाही तं आपलं घर, गच्ची, गाडी, मामाची संत्र्याची बाग, कधी रामटेक-खिंडसीची चक्कर अशा कामांना, आणि त्याच हिशेबानं लिहून राहिलो, कारण ऑनलाइन जे रिव्ह्यू सापडतात ते बहुतेक जंगलात मुक्काम करणाऱ्यांचे असतात, त्यात आपल्या घरच्या कामाचं काहीच नसते.

पहिले वस्तू काय आहे ते. बंद केल्यावर लांबी ९१ मिलिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आतच, कंपनी १५ कामं मोजते. मोठं पातं, छोटं पातं, कात्री, लाकडाची करवत, डबा उघडायचं अन् त्याच्याच टोकाला ३ मिलिमीटरचा छोटा पेचकस, बाटलीचा ओपनर अन् त्याच्या टोकाला ६ मिलिमीटरचा पेचकस, ओपनरच्या बुडाशी वायर सोलायची खाच, मागच्या बाजूनं बुचाचा स्क्रू, टोच्या आणि एक हुक, लाल पट्ट्यांमधे सरकवलेला चिमटा अन् दातकोरणी, आणि किल्ल्यांसाठी रिंग. जीन्सच्या खिशात बसते, पण पातळ कापडाच्या पॅन्टमधे जाणवते, कुर्त्याच्या खिशात तं टाकूच नका, सगळा खिसा एका बाजूला लटकते.

आता एवढं सगळं एका चाकूत काहून, तं त्याचं मूळ फौजेत आहे. स्वित्झर्लंडच्या सैन्यानं १८८९ मधे नवी रायफल घेतली, ती उघडून साफ करायला पेचकस लागे, आणि शिपायाला डबाबंद जेवण उघडायलाही काहीतरी पाहिजे होतं. म्हणून १८९० चं जे मॉडेल ठरलं त्यात पातं, टोच्या, डबा उघडायचं आणि पेचकस एवढंच होतं. सुरुवातीचा माल जर्मनीतल्या सोलिंगेनमधून आला कारण स्वित्झर्लंडमधे तेवढा माल काढणारं कोणी नव्हतं, मग कार्ल एल्सनर नावाच्या कारागिरानं, ज्यानं १८८४ मधे ईबाख गावात कारखाना टाकला होता (तोच पुढं व्हिक्टोरिनॉक्स झाला), १८९१ पासून सैन्याला स्वतःचे चाकू पुरवले. १८९७ मधे त्यानं जे डिझाइन रजिस्टर केलं त्यात अक्कल अशी की एकच स्प्रिंग दोन्ही बाजूंच्या अवजारांना दाबून धरते, म्हणून चाकू जाड न होता अवजारं वाढवता आली. आजही तुम्ही हंट्समन आडवा धरून पाहिला तं हेच दिसते, पुढून अवजारं निघतात अन् त्याच स्प्रिंगांच्या पाठीवर टोच्या आणि हुक. सव्वाशे वर्षं जुनी युक्ती आहे पण अजून त्याच्यापुढं काही गेलं नाही असं माझं मत.

आपल्याकडे याची खरी परीक्षा मार्चच्या शेवटी होते, कूलर काढायच्या वेळेस. ज्याच्या घरी डेझर्ट कूलर आहे त्याला माहीत आहे तो अख्खा दिवस कसा जाते. जुन्या ताट्या (बाजूच्या जाळीतले पॅड) काढा, त्यातलं सडलेलं वूडवूल (लाकडाचं बारीक गवत) फेका, नवीन वाळ्याच्या नाही तं वूडवूलच्या ताट्या जाळीत बसवा, सुतळीनं नाही तं तारेनं बांधा, पंप पाहा, वायर पाहा, खिडकीतला स्टँड पाहा. यात एकेक काम दोन मिनिटांचं असते पण प्रत्येक कामाला वेगळं अवजार लागते, मग एक जण खाली जाते पेचकस आणायला, दुसरा कात्री शोधते, आई ओरडते की माझी शिवणाची कात्री सुतळीला लावू नका. हंट्समन कमरेला असला की हे सगळं तिथंच निपटते. सुतळी कात्रीनं, ताटीच्या फ्रेमची गंजकी चूक (बारीक खिळा) ओपनरच्या टोकानं थोडी उचलायची, आणि सगळ्यात भारी काम टोच्याचं. कूलरच्या वर जी पाण्याची नळी असते ना, जिच्या बारीक भोकांतून ताटीवर पाणी पडते, ती भोकं आपल्या बोरिंगच्या पाण्याच्या क्षारानं बुजून जातात, अर्धी ताटी कोरडी राहते आणि मग लोक म्हणतात कूलर गार हवा देत नाही, पंप बदला. पंप बदलायची काहीच गरज नसते. टोच्याचं टोक एकेका भोकात टाकून हलकं फिरवायचं, क्षाराची पापडी निघते, नळी धुवायची, झालं. टोच्याला एका बाजूनं धार आहे हे ध्यानात ठेवा, जास्त फिरवला तं प्लॅस्टिकचं भोक मोठं होते अन् मग सगळं पाणी पहिल्या दोन भोकांतूनच पडते.

पंपाची वायर तुटली असली की खाचेचं काम. वायर खाचेत ठेवायची, ओपनर अर्धवट मिटवायचा, चाकू वायरीभोवती गोल फिरवायचा अन् ओढायचं, वरचं रबर निघून येते. पातळ वायरीला जोर लावला तं आतल्या तारा पण कटतात, हाताला अंदाज आला की होते. पण प्लग काढूनच, हे सांगायची गरज नाही तरी सांगतो, कारण लाल पट्ट्या वरून प्लॅस्टिकच्या असल्या तरी आत सगळं धातूच आहे, करंटपासून हा तुम्हाला काही वाचवत नाही. दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपल्या पेपरात येतात, घाई करू नका.

कात्री. ही एवढीशी दिसते, उघडल्यावर वाटते काय कापणार ही, पण या चाकूत सगळ्यात जास्त काम हीच करते. दुधाची पिशवी, औषधाची पट्टी, शर्टचा निघालेला धागा, नखं, पार्सलची टेप, पोरांच्या शाळेचे चार्टपेपर. पात्यानं पिशवी फाडायला गेलं की धार घसरते, कात्री घसरत नाही, शिवाय चारचौघांत कात्री काढली तं कोणी वळून पाहत नाही, पातं काढलं की पाहतात. आणि जानेवारीत संक्रांतीच्या आसपास तं ही खिशात असायलाच पाहिजे. नायलॉन मांजावर बंदी असूनही तो विकल्या जाते, झाडात, तारेत, गाडीच्या हँडलमधे, पक्ष्यांच्या पंखात अडकते, आणि तो हातानं तोडायला गेलं तं बोट कापते. कात्रीच्या दोन पात्यांमधे दोरा आला की कट. पक्षी अडकला असेल तं पंखात घुसलेला दोरा ओढू नका, झाडाकडची बाजू कापून पक्षी मोकळा करा, कापडात हलका गुंडाळा अन् सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी प्राणी-पक्ष्यांचा दवाखाना) न्या, तिथं ते नीट सोडवतात. कात्रीची स्प्रिंग ही पातळ पत्ती असते, ती वेगळी मिळते अन् बदलता येते, जाड पुठ्ठा नाही तं तार कापून तिच्यावर उगाच जोर टाकू नका.

करवतीबद्दल मामाचं मत माझ्यापेक्षा वजनदार आहे. काटोलकडं त्यांची संत्र्याची बाग आहे, तोडणी झाली की झाडातली सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढायची असते. मी हा चाकू त्यांच्या हातात दिला, त्यांनी दोन-चार काड्या कापून पाहिल्या अन् म्हणे, "बारीक सल काढायला लय मस्त चालते बाबू हे, पण मोठ्या फांदीले मले माझी आरीच दे." बरोबर आहे ते. अंगठ्याएवढी फांदी ही करवत आरामात कापते, काप स्वच्छ येते, साल ओरबाडल्या जात नाही, पण त्याच्यावर जाडी गेली की दात लाकडात बसतात अन् जोर लावला तं पातं वाकायला लागते. बागेत वापरायचं असेल तं एक गोष्ट पक्की करा, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातांना अवजार धुवायचं. डिंक्याचा रोग एका झाडाचा दुसऱ्याला नको जायला, म्हणून शेतकरी सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात अवजार बुडवतात, कापलेल्या जागी बोर्डो मलम लावतात. या दोन्ही गोष्टी स्टीलला चांगल्या नाहीत, स्टेनलेस असलं तरी, म्हणून काम झालं की साध्या पाण्यानं खळखळून धुवा. आणि डोळा भरायला, म्हणजे जंभेरीच्या खुंटावर कलम करायला, हा वापरू नका, त्याचा चाकू वेगळा असते, साल उचलायची जीभ त्याला असते अन् धार पण वेगळ्या पद्धतीची, याच्या छोट्या पात्यानं ती सफाई येत नाही.

फळ तोडायला मात्र कात्री छान. संत्रं ओढून तोडलं की देठाकडची साल फाटते अन् तिथूनच सडायला लागते, देठ थोडा ठेवून कापलं तं टिकते. गच्चीवर कुंडीत एखादं झाड असेल तं करून पाहा. आणि सोलायला तं आपल्या संत्र्याला चाकूच लागत नाही, साल सुटीच असते, हे बाहेरच्या पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागते, ते पातं उघडूनच बसतात.

हुक आणि बुचाचा स्क्रू याच्यावर लोक हसतात. हुकचं काम वजन धरायचं, कंपनी ९० किलोपर्यंत सांगते, मी तेवढं कशाला लटकवू, पण कळमन्याच्या बाजारातून प्लॅस्टिकच्या पातळ पन्नीत दहा किलो माल आणला की पन्नीचे कान बोटात रुततात, तेव्हा हुकात कान अडकवून मूठ धरली तं बोटं वाचतात. बुचाचा स्क्रू आपल्या घरात बाटलीसाठी किती निघते ते ज्याचं त्याला माहीत, पण ओल्या सुतळीची गाठ सोडवायला याच्यासारखं काही नाही, टोक गाठीत घालायचं अन् फिरवत उचलायचं. शिवाय त्याच्या पिळात बसणारा बारीक पेचकस वेगळा विकत मिळते, चष्म्याच्या स्क्रूसाठी, चष्मा लावणाऱ्यांनी तो घ्याच.

आता पातं अन् स्टील. पात्याचा कडकपणा ५६ एचआरसी (स्टीलचा कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) आहे, म्हणजे मुद्दाम थोडं नरम ठेवलेलं. महागाच्या चाकूंमधे ६० च्या वरचं स्टील असते, त्यांची धार जास्त दिवस टिकते, म्हणून काही लोक याला कमी लेखतात. मला उलट वाटते. ६० च्या वरचं स्टील घरच्या दगडावर लवकर दाद देत नाही, आणि आडवा जोर पडला तं टवका उडतो. याची धार बोथट लवकर होते हे खरं, पण बारीक दगडावर पाच-दहा मिनिटं फिरवलं की परत केस कापायच्या लायकीची होते, दगड ओला करायचा, पातं १५ ते २० अंशांवर धरायचं, दोन्ही बाजू सारख्या घासायच्या, शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर दोन-चार हात. ज्याला घरी धार लावता येते त्याच्यासाठी नरम स्टीलच बरं. सायकलवाल्या धारवाल्याकडं मात्र देऊ नका, त्यांचा हात विळी-सुरीला बसलेला असते, ते चाक वेगात फिरते, पातळ पातं तापते अन् स्टीलचा कडकपणा जाते, आणि एका फेरीत इतकं स्टील उडते की पात्याचा आकारच बदलते.

जिथं सांभाळून राहायचं ती जागा म्हणजे लॉक. याला लॉक नाही. स्प्रिंगच्या दाबावर पातं उभं राहते, एवढंच. त्यामुळे पात्यानं भोसकायचं, टोचायचं, उचकटायचं काम करायचं नाही, पातं उलटं मिटते ते थेट बोटांवर. कापतांना जोर नेहमी धारेच्या दिशेनं, पाठीच्या दिशेनं कधीच नाही. टोच्या पण तसाच, सरळ दाबा, तिरपा दाबला की मिटते. स्वित्झर्लंडच्या सैन्याला २००८ च्या मॉडेलचा जो नवा चाकू मिळते त्याला लॉक आहे, पण तो १११ मिलिमीटरचा, हातात मोठा अन् खिशात जड. लहान पोराच्या हाती पहिला चाकू द्यायचा असेल तं आधी कात्री अन् करवत शिकवा, पातं नंतर, आणि मोठं माणूस शेजारी पाहिजे.

दुसरी कमी म्हणजे फुल्लीचा पेचकस नाही. आजकाल स्विचबोर्ड, मिक्सर, खेळणी सगळीकडे फुल्लीचे स्क्रू. डबा उघडायच्या टोकाचा छोटा पेचकस लहान फुल्लीत बसते बऱ्यापैकी, पण घट्ट स्क्रूला नाही. ज्याला घरात हेच काम जास्त आहे त्यानं फील्डमास्टर घ्यावा, हंट्समनच आहे तो, फक्त बुचाच्या स्क्रूच्या जागी फुल्लीचा पेचकस. करवत नको असेल तं क्लायंबर, थोडा पातळ. स्पार्टन स्वस्त आहे, हलका आहे, पण त्याच्यात कात्री नाही, आणि कात्री नसलेला मी तं कोणाला घ्या म्हणणार नाही. ॲल्युमिनियमच्या पट्टीचे पायोनियर अन् फार्मर दिसायला एक नंबर, दणकट पण, पण साध्यात कात्री नाही, नावापुढं एक्स असलेल्यात आहे, आणि चिमटा-दातकोरणी त्यांच्यात नसते. पक्कड पाहिजे असेल तं मग ही जातच सोडा, लेदरमनसारखं पकडीचं मल्टिटूल घ्या, ते वेगळ्या कामाचं.

किंमत वरखाली होत राहते, साधारण तीन ते पाच हजारांच्या मधे पाहिली मी. महाग आहे, हो. म्हणूनच सीताबर्डीवर फूटपाथवर तसाच लाल, तसंच ढालीतल्या फुल्लीचं चिन्ह असलेला अकरा-इन-वन दीड-दोनशेत दिसला की हात जाते. घेऊ नका. त्याची कात्री कागद चावते, पेचकसचं टोक पहिल्याच घट्ट स्क्रूला वळते, आणि स्प्रिंग इतकी ढिली असते की खिशातच पातं उघडायची भीती, हा प्रश्न पैशाचा नाही, बोटाचा आहे. चांगल्या दुकानात पण डबा उघडून पाहूनच घ्या. मोठ्या पात्याच्या बुडाशी व्हिक्टोरिनॉक्सचं नाव अन् स्विस मेड कोरलेलं पाहिजे, चाकू उजेडात धरला तं अवजारांच्या थरांमधून प्रकाश यायला नको, पट्टीवरची ढाल वेगळ्या तुकड्याची बसवलेली असते, नुसती छापलेली असेल तं नकली, आणि प्रत्येक अवजार उघडतांना अन् मिटतांना टक् असा आवाज आला पाहिजे. बिल घ्या, मटेरियल अन् बनावटीतल्या दोषाला कंपनीची आयुष्यभराची गॅरंटी आहे, बिल असलं की बोलणं सोपं जाते. झीज अन् चुकीचा वापर मात्र त्यात येत नाही.

देखभाल फार नाही. पावसाळ्यात काळी माती सांध्यात गेली की कोमट पाण्यात बुडवून सगळी अवजारं उघडझाप करायची, पूर्ण वाळवायचं, सांध्यावर तेलाचा एकेक थेंब. मशीनचं तेल टाकलं असेल तं त्याच पात्यानं फळ कापू नका. गोडंतेल पण नको, ते चिकट होऊन बसते.

कायद्याचं लोक फार विचारतात. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या नियमांत ९ इंचापेक्षा लांब नाही तं २ इंचापेक्षा रुंद पात्याच्या शस्त्रांची गोष्ट आहे, आणि घरगुती अन् शेतीकामाची अवजारं त्याच्यातून वगळलेली, याचं पातं तं तीन इंचाचंही नाही. पण सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळेस पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, त्यात सुरे-चाकू येतात, त्या दिवसांत हा घरीच ठेवा. डिसेंबरात अधिवेशनाच्या वेळेस विधानभवनाकडं काम असेल, कोर्टात तारीख असेल, तरी घरीच. आणि सोनेगाव विमानतळावर हातातल्या बॅगेत अजिबात चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका, नाही तं सिक्युरिटीवर ठेवून यावं लागते अन् तो परत मिळत नाही. किल्ल्यांच्या रिंगला अडकवला असेल तं घरून निघायच्या आधी काढा, तिथंच विसरते माणूस.

चिमटा अन् दातकोरणी हरवणारच, त्या निघतातच तशा. सुट्या मिळतात, फक्त मागवतांना साइझ पाहा, ५८ मिलिमीटरच्या छोट्या चाकूच्या वेगळ्या असतात, त्या याच्या खोबणीत ढिल्या बसतात अन् पडतात. ९१ च्या म्हणून मागायच्या. बाभळीचा काटा काढायला तो चिमटा एकदा वापरला की समजते काहून त्याच्यासाठी वेगळे पैसे टाकावे.